नव्या पोरांना आधी बघायला शिकवा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पोलिसांवरच्या थरारपटांबद्दल लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि तेव्हाच ठरवलं की पत्र लिहायचंच. मी नाशिक शहरात पोलीस खात्यात पस्तीस वर्षं काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो, आणि त्यातली बरीचशी वर्षं साध्या वेशात गेली, म्हणजे डीबीला, गुन्हे शोध पथकात. लेखात असं म्हटलंय की पाळतीवरचे पिक्चर लोकांना आवडतात कारण त्यात पाठलाग असतो, कॅमेरे असतात, टॉवर लोकेशन, ट्रॅकर असली टेक्निकं असतात. मला हे पटलं नाही. पाळतीच्या पिक्चरमधली खरी गोष्ट असते ती नवीन भरती झालेल्या माणसाचे डोळे कसे तयार होतात त्याची, आणि ते सोडून बाकी सगळ्यावर लेखात लिहिलं गेलंय.

मी हे का म्हणतो ते सांगतो. माझी पुतणी दोन वर्षांपूर्वी पोलीस भरतीत लागली, आता तिची ड्युटी कॅमेऱ्यांच्या स्क्रीनसमोर आहे. तिने एका शनिवारी रात्री मला हाँगकाँगचा एक पिक्चर लावून दिला, ‘आय इन द स्काय’, २००७ चा, याऊ नाइ-होई नावाच्या माणसाने पहिल्यांदाच डायरेक्ट केलेला, पुढे २०१३ ला कोरियावाल्यांनी त्याच्यावरून ‘कोल्ड आइज’ काढला. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पुतणी वाचून मराठीत सांगत होती. त्यात हाँगकाँग पोलिसांचं एक पथक आहे, काम फक्त पाळतीचं, धरपकड दुसरे करणार. त्या पथकात एक नवी पोरगी येते, तिला नाव पडतं पिगी. आणि सुरुवातीलाच तिची परीक्षा होते, ट्राममधल्या एका माणसाच्या मागं मागं जायचं, आणि तो माणूस म्हणजे तिचाच होणारा साहेब निघतो! मग तो तिला समोर बसवून विचारतो की काय काय पाहिलंस. तिला वाटत असतं आपण सगळं पाहिलं, आणि तो एकेक प्रश्न विचारत जातो तसं कळत जातं किती सुटलं ते.

तो सीन चालू असताना मी पुतणीला म्हटलं, थांबव जरा. कारण हे माझ्याबरोबर झालेलं आहे, जसंच्या तसं, फक्त ट्रामच्या जागी आपलं सीबीएस, म्हणजे सेंट्रल बस स्टँड.

१९८६ ला मी भरती झालो आणि दोनेक वर्षांनी डीबीला आलो. तिथले एक जमादार होते, नाव लिहीत नाही, आता हयात नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सीबीएसला नेलं, एका टपरीवर चहा सांगितला, दहा मिनिटं काही बोलले नाहीत, आणि मग शालीमारपर्यंत चालत नेलं. तिथं पोचल्यावर विचारलं, “टपरीवर किती माणसं होती?” मी म्हटलं पाच, आपल्याला सोडून. “बरोबर. त्यातला चहा कोण पीत नव्हता?” मी गप्प. मला वाटलं सगळ्यांच्याच हातात ग्लास होते की. जमादार म्हणाले, “चौकड्याच्या शर्टवाल्याच्या चहावर साय धरली होती. दहा मिनिटं ग्लास हातात आणि एक घोट नाही. चहा प्यायला आलेला माणूस चहा पितो रे पोरा.” तो माणूस पुण्याच्या गाडीच्या लाइनीकडं बघत होता. बसच्या दारात गर्दी होते तेव्हा कोण खिशाला हात लावून पाकीट चाचपतो, हे बघून तो पुढच्या साथीदाराला खूण द्यायचा. आम्ही परत गेलो तेव्हा तो तिथंच होता, नवीन ग्लास घेऊन.

त्या चहावरच्या सायीने मला नोकरी शिकवली असं मी आजही सांगतो. ट्रेनिंगला परेड झाली, कायदा शिकवला, बंदूक शिकवली, पण माणसाकडं बघायचं कसं हे तिथं कोणी शिकवलं नव्हतं.

मग पुढं जमादारांनीच शिकवलं की मागं जाताना तोंडाकडं बघायचं नाही, पायाकडं बघायचं. माणूस टोपी काढतो, शर्ट बदलतो, रुमाल बांधतो, पण चपला सहसा बदलत नाही. आणि अंतर किती ठेवायचं तर मेनरोडला वेगळं, गंगापूर रोडला वेगळं, दहीपुलाच्या बोळात तर इतकं जवळ राहावं लागतं की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास यायला पाहिजे, कारण तिथं एक वळण घेतलं की माणूस गायब. सराफ बाजारात उभं राहायचं तर काहीतरी काम पाहिजे हातात, नुसता उभा राहिलेला माणूस तिथं पहिल्यांदा सराफालाच दिसतो आणि मग तोच आपल्याकडं बोट दाखवतो. आम्ही कधी पिशवी घेऊन उभं राहायचो, कधी कोणाची तरी वाट बघतोय असं सारखं घड्याळ बघायचं. फिल्डिंग लावली म्हणतात ना, ती अशी असते, त्यात नव्वद टक्के वेळ काहीच घडत नाही आणि पाय दुखतात.

तो पिक्चर मला पटला तो ह्यासाठी की त्यात हे उभं राहणं दाखवलंय. आणि चोरसुद्धा बघण्यातच हुशार दाखवलाय, सोन्याचांदीची दुकानं फोडणारी टोळी खाली काम करते आणि म्होरक्या वर गच्चीवरून रस्त्यावर नजर ठेवतो. आमच्याकडंही असंच असायचं, पाळत काय फक्त पोलीसच ठेवतात असं नाही.

आता त्यातला दुसरा सीन, जो मला झोपू देईना. पाठलाग चालू असताना एक पोलीस रस्त्यात भोसकला जातो, रक्तबंबाळ होऊन पडतो, आणि पिगीसमोर प्रश्न येतो की ज्याच्या मागं आहोत त्याला धरून राहायचं की ह्याला बघायचं. ती थांबते. तो सुटतो. पुढं काय होतं ते सांगत नाही, ज्यांना बघायचंय त्यांनी बघा.

माझा असा प्रसंग रामकुंडावरचा. श्रावणी सोमवार होता, गर्दी होती, मी एका पाकीटमाराच्या मागं गांधी तलावाच्या बाजूनं येत होतो, तीन दिवस मागं होतो त्याच्या. पायऱ्यांवर शेवाळ असतं ते नाशिककरांना सांगायला नको. एक म्हातारी घसरली आणि सरळ पाण्यात गेली, पाण्याला ओढ होती, आणि तिच्या हातातला तांब्या वाजत वाजत पायऱ्या उतरला तो आवाज मला अजून आठवतो. मी उडी टाकली. म्हातारी निघाली, माणूस गेला. संध्याकाळी जमादारांसमोर उभा राहिलो, वाटलं आता काढतात कातडं. त्यांनी पहिलं विचारलं, “म्हातारीला कुठं पोचवलं?” मी सांगितलं, इथल्याच मालेगाव स्टँडला, तिच्या भाचीकडं. मग विचारलं, “चप्पल कसली होती त्याची?” मी म्हटलं काळी कोल्हापुरी, डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला. “मग झालं.” एवढंच. आठ दिवसांनी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात भाजीच्या गर्दीत ती टायरची टाच दिसली.

ह्या सगळ्याचं आज काय काम असं कोणी विचारेल, कारण आता कॅमेरे आलेत. म्हणूनच तर पत्र लिहितोय.

माझ्या शेजारच्या वहिनींची पोत गेली, सकाळी साडेसहाला, दूध घेऊन येताना, मोटारसायकलवर दोघं होते, मागच्याने गळ्याला हात घातला. वहिनी पडल्या, कोपर फुटलं, गळ्यावर आठवडाभर लाल वळ होता. त्या गल्लीत मी स्वतः मोजले, अकरा कॅमेरे आहेत. दोन बंद. एक एका घरमालकाने असा लावलाय की त्यात त्याची गाडी आणि तुळशी वृंदावन सोडून काही दिसत नाही. एकाचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवायचं यंत्र, फक्त सात दिवस साठवतो आणि तोपर्यंत कोणी मागायला आलं नव्हतं म्हणून वरून नवीन रेकॉर्डिंग झालेलं. आणि ज्या एकात ती मोटारसायकल दिसली त्याचं घड्याळ बावीस मिनिटं पुढं! आता हे वाचणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण तपासात बावीस मिनिटं म्हणजे मोटारसायकल द्वारकेला होती की पार आडगावच्या पुढं, एवढा फरक पडतो. चांगला तपासी अंमलदार डीव्हीआर घेताना पहिलं स्वतःच्या मोबाईलचं घड्याळ त्याच्या शेजारी धरतो, फोटो काढतो आणि पंचनाम्यात फरक लिहितो. नव्या पोराला हे कोणी सांगितलं नसेल तर तो नुसतं पेनड्राइव्हमध्ये फुटेज घेऊन येतो आणि कोर्टात सगळं पाण्यात.

कोर्टाचं म्हणाल तर आपल्या जालन्याचंच प्रकरण आहे, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचं, उमेदवारी अर्ज वेळेत भरला का उशिरा यावरून भांडण होतं आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आलं होतं. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही आणि नुसती कॉपी दिली तर ती कशी काढली हे सांगणारं सर्टिफिकेट सोबत पाहिजेच. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यात कलम ६३ खाली ते सर्टिफिकेट दोन भागांत द्यायचं असतं आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे ओळखायचा आकडा, लिहायची असते. म्हणजे कॅमेरा लावणारा सोसायटीचा सेक्रेटरी, दुकानदार, हेही आता पुराव्याचा भाग झालेत. तुमच्यासारख्या पेपरांनी हे लोकांना सोप्या भाषेत सांगितलं पाहिजे, घड्याळ बरोबर लावा, कॅमेरा रस्त्याकडं फिरवा, किती दिवस साठवतो ते बघून ठेवा, काही घडलं की पहिल्या दिवशीच फुटेज काढून ठेवा.

पण कॅमेरा नीट चालला तरी पुढं काय? पुतणी सांगते, “काका, सुरुवातीला अर्धा तास सगळं दिसतं हो, मग नुसत्या पांढऱ्या गाड्या जातात आणि मला कळतच नाही मी बघतेय का नाही.” मी म्हटलं आळस असेल. तर ती चिडली, तिने बीए सायकॉलॉजीमध्ये केलंय. तिने सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या हवाई दलात रडारवर बसणाऱ्या लोकांकडून पाण्याखालच्या बोटी सुटायला लागल्या म्हणून मॅकवर्थ नावाच्या शास्त्रज्ञाला कामाला लावलं, त्याने एक काटा असलेलं घड्याळासारखं यंत्र केलं, काटा मधूनच दुप्पट उडी मारायचा आणि ती उडी ओळखायची. १९४८ ला त्याचं छापून आलं, पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेची धार कमी होते असं त्यात निघालं. म्हणजे ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी माहीत झालेली आहे. तरी आपण नव्या पोरांना पूर्ण ड्युटीभर स्क्रीनसमोर बसवतो आणि वर विचारतो की तुला दिसलं कसं नाही. मी तिची माफी मागितली. साहेब लोकांना माझी हात जोडून विनंती आहे की अर्ध्या तासाने माणूस बदला, आणि जो स्क्रीनवर बसतो त्याला आठवड्यातून दोन दिवस त्याच रस्त्यावर पायी फिरवा. रविवार कारंजावर संध्याकाळी सहाला गर्दी कशी वाहते हे ज्याने अंगाने अनुभवलंय त्यालाच स्क्रीनवर काहीतरी वेगळं चाललंय हे कळेल.

आता एक अवघड गोष्ट, जी त्या पिक्चरमध्ये नाही आणि तुमच्या लेखातही नाही. ज्याच्यावर पाळत असते त्याचं काय?

रेकॉर्डवरचे लोक, हिस्ट्रीशीटर, म्हणजे ज्यांच्या नावाची शीट पोलीस ठाण्यात उघडलेली असते, यांना चेक करायची ड्युटी मी खूप केली. रात्री दोनला दार वाजवायचं, आहे का घरी, बघायचं, सही घ्यायची. भद्रकालीत एक जण होता, घरफोडीत आत जाऊन आलेला, नंतर सुधारला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालवायचा. सुधारला तरी शीट बंद झालेली नव्हती. एकदा संध्याकाळी मी गेलो तर तो बाहेर धावत आला, हात ओले, आणि हळूच म्हणाला, “भाऊ, पोरीला बघायला पाहुणे आलेत. आज तेवढं इथं उभं राहू नका.” मी साध्या कपड्यात होतो, पण गल्लीतलं शेंबडं पोरही मला ओळखायचं. मी कोपऱ्यावरच्या देवळामागं जाऊन दोन तास बसलो. पाहुणे गेल्यावर तो स्वतः रसाचा ग्लास घेऊन आला, सहीचं पुस्तक मागितलं आणि सही केली. लग्न जमलं त्या पोरीचं.

कितीतरी वर्षांनी एका सरकारी वकिलांनी मला खरकसिंगची केस सांगितली. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या केसमध्ये पुरावा नाही म्हणून सुटलेला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्री-अपरात्री घरी जायला लागले. १९६२ ला सुप्रीम कोर्टाने त्यातलं रात्री घरी जाणं रद्द केलं, बाकीची पाळत मात्र चालू ठेवली. १९९६ ला फोन टॅपिंगवर बंधनं आली, गृहसचिवाचा हुकूम लागेल आणि तो दोन महिन्यांसाठीच, वाढवला तरी सहा महिन्यांच्या वर नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ जजांनी मिळून सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा खरकसिंगचा निकाल लागून चोवीस वर्षं झाली होती आणि मला तो कोणी सांगितला नाही. मी दारं वाजवत राहिलो. ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून मी म्हणतो की नव्या पोरापोरींना बघायला शिकवाल तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुठं बघायचं नाही तेही शिकवा, चाळिशीनंतर वकिलाकडून कळून उपयोग नसतो.

शेवटचा विषय सिंहस्थाचा. २०२७ ची शाही स्नानं तोंडावर आलीत, शहरभर कॅमेऱ्यांची चर्चा आहे, कंट्रोल रूम, ड्रोन, गर्दी मोजणारे सॉफ्टवेअर. सगळं यावं, माझा विरोध नाही. पण २७ ऑगस्ट २००३ ला मी बंदोबस्ताला गाडगे महाराज पुलाजवळ होतो, आणि तिकडं सरदार चौकाच्या उताराला चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. आमच्यापर्यंत बातमी आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आम्ही फक्त उचलायला धावलो. रस्त्यावर चपलांचा ढीग होता. मी आयुष्यभर ज्या चपलांकडं बघून माणसं ओळखली त्या चपला, एकेकट्या, जोडी नसलेल्या. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

नंतर मी त्या भागात ज्यांची ड्युटी होती अशा चारपाच जणांशी बोललो. एक गोष्ट सगळ्यांनी सांगितली. चेंगराचेंगरीच्या आधी गर्दीचे पाय थांबतात आणि खांदे हलायला लागतात, वाऱ्यात शेत हलतं तसं, सगळे एकदम एकीकडं मग दुसरीकडं. आणि हात वर येतात, पोरांना वर उचलतात. हे दिसलं की गर्दी मागून थांबवायची असते, पुढून नाही, पुढं ढकलायला जागाच नसते. हे ज्याला माहिती आहे त्याला ड्रोनच्या चित्रातही ते खांदे दिसतील. ज्याला माहिती नाही त्याला नुसती गर्दी दिसेल, आणि गर्दी तर काय, कुंभात असतेच.

म्हणून माझं एक सुचवणं आहे ते तुमच्या पेपरातून साहेब लोकांपर्यंत जावं अशी इच्छा आहे. आमच्यासारखे रिटायर झालेले डीबीचे, बंदोबस्ताचे जुने लोक ह्या शहरात बरेच आहेत, गुडघे गेले असतील पण डोळे शाबूत आहेत. नवीन भरतीच्या पोरांना दोन-दोन करून आमच्याबरोबर बसवा. मानधन नको, चहासुद्धा आम्ही पाजू. मी रोज सकाळी सहा ते आठ दुतोंड्या मारुतीच्या समोरच्या पायऱ्यांवर असतो, पांढरी टोपी आणि निळी हवाई चप्पल. पुतणी तिच्या सुट्टीच्या दिवशी येते, गेल्या बुधवारी तिने मला न विचारता सांगितलं की समोरचा फुलवाला आज तिसऱ्यांदा जागा बदलतोय. मी बघितलं नव्हतं.

आपला,
एक निवृत्त पोलीस हवालदार,
पंचवटी, नाशिक